सहा पैशांची जुडी

बंगळूरहून परतून दोन महिने झाले, तरी भेटणारा प्रत्येक जण मला लालबागेबद्दलच विचारतो. काचघर पाहिलं का? चंदनाचा साबण आणला का? तिथली हवा म्हणे उन्हाळ्यातही गार असते? हवा गार असते, हे खरं. साबणही आणला. लालबागेत मात्र मी पाऊल टाकलं नाही. तीन आठवडे मी त्या शहरात राहिले आणि त्यातले बहुतेक दिवस शेपू, माठ आणि मेथीच्या ढिगाऱ्यांपुढे उकिडवी बसून काढले. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "मग इतक्या लांब कशाला गेलीस? मंडईत बसायचं होतंस." प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

मी पुण्यातल्या एका संस्थेत आकडेवारीचं काम करते. आमच्या सरांच्या डोक्यात गेली काही वर्षं एक खूळ आहे, आणि ते मलाही मनापासून पटलेलं आहे. सर म्हणतात, महागाई मोजायची तर भाजीपाला आधी बाजूला काढा. पाऊस लांबला की भाजी भडकते, चार सरी पडल्या की उतरते. हा सगळा गोंगाट. तो वजा केला की खाली जी हळूहळू चढत राहते, ती खरी मुरलेली महागाई. तिचा पत्ता लागायला हवा.

त्यासाठी गावोगावचे जुने भाव लागतात, आणि आपल्याकडे जुने भाव मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो. एका गावचे कागद वाळवीनं खाल्लेले, दुसऱ्या गावचा कारकून रजेवर, तिसऱ्या गावाहून आलेल्या पानावर वरपासून खालपर्यंत 'वरीलप्रमाणे'. बंगळूरचे कागद मात्र दृष्ट लागावी असे आले. एकही आठवडा चुकलेला नाही, सगळे एकाच माणसाच्या मोत्यांसारख्या अक्षरात.

गोम होती ती पालेभाजीच्या रकान्यात. 'पालेभाजी, एक जुडी' याच्यापुढे सुरुवातीला एक आणा होता. नवे पैसे आले तेव्हा तिथे सहा पैसे झाले, आणि मग वर्षांमागून वर्षं सहाच पैसे. उन्हाळा असो, पावसाळा असो, सहा पैसे. ज्या गोंगाटाला वगळायला आम्ही निघालो होतो, तो इथे चकार शब्द काढत नव्हता. आमच्या मंडईत कोथिंबिरीचा भाव सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. बंगळूरची कोथिंबीर एवढी शहाणी कशी?

हा प्रश्न नुसता आमच्या हौसेचा नव्हता. तिथल्या कापडगिरण्यांतल्या कामगारांचा महागाई भत्ता याच भावांवर ठरायचा. कामगार म्हणत होते, घर चालत नाही. तक्ता म्हणत होता, भाजी तर तेवढ्यालाच मिळते आहे. महिनाअखेर लवादापुढे सुनावणी होती आणि आकडे तपासून देण्याचं काम आमच्या संस्थेकडे आलं होतं. सर म्हणाले, "जाऊन या. खरे असतील तर तसं लिहा. नसतील तर का नाहीत ते लिहा."

कॉटनपेठ

मीटरगेजच्या गाडीतले हाल सांगत बसत नाही. सिटी स्टेशनवर मला उतरवून घ्यायला बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि हातात छत्री असे एक उंच गृहस्थ आले होते. तेच गंगोजीराव. ते मोत्यांसारखं अक्षर त्यांचं. इतकी वर्षं दर शुक्रवारी शहरातले भाव टिपणारा माणूस हाच. एकट्या बाईला कुठे उतरवायचं या विवंचनेत पडलेल्या त्यांच्या कचेरीनं माझी सोय त्यांच्याच घरी केली होती. ज्याचे आकडे तपासायचे त्याच्याच घरी जेवायचं, हे मला पहिल्याच घासाला टोचलं.

घर कॉटनपेठेतल्या एका गल्लीत. नवराबायको दोघंच, मुली लग्न होऊन गेलेल्या. गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणते, मीही तसंच म्हणू लागले. "आमचे पणजे फौजेबरोबर आले," अण्णा म्हणाले, "आणि परत जायचं विसरले." त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मीच वाण्याला 'स्वल्प कमी करा' म्हणत होते. अक्का मला तंगी म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. सकाळी मी चहा मागितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला, जणू काही मी आजारी असल्याचं सांगितलं होतं. त्यांनी निमूटपणे कॉफी आणून ठेवली, आणि पुढे मी चहाचं नाव काढलं नाही.

अण्णांची कामाची पद्धत पाहून मी थक्क झाले. शुक्रवारी ते बाजारात कुणाकडे पाणीसुद्धा पीत नाहीत, उगाच मिंधेपणा नको. एका जिनसाचा भाव तीन ठिकाणी विचारायचा, आणि तिन्हींपैकी एका ठिकाणी स्वतःच्या खिशातून ती वस्तू घ्यायची. "सांगायचा भाव येगळा, घ्यायचा भाव येगळा असतो की," ते म्हणाले. "पैसे दिल्याबिगर कागदावर लिहायचं नाही." घरी बसून आकडे मांडणारे टिपणीस मी पुष्कळ पाहिले होते. हा माणूस त्यांतला नव्हता. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि एकाही कागदावर खाडाखोड नव्हती.

मग सहा पैसे खरेच का? पहिल्या शुक्रवारी मी त्यांच्यासोबत सगळा बाजार फिरले. चिखलात माझी एक चप्पल रुतून तुटली, ती हातात धरून फिरले. तीनही ठिकाणी जुडीचा भाव सहा पैसे. मी स्वतः पैसे देऊन घेतली. सहा पैसे.

वाट दाखवली ती फुलवालीनं. त्याच संध्याकाळी दारात ती आली. तिथे फुलांचा गजरा मोळावर विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात, आणि हात अर्थातच विकणारीचा. म्हातारीनं धंदा लेकीला दिला होता. लेक अंगानं बारीक. तिनं माळ मापली तशा अक्का कडाडल्या, "अय्यो, ह्यो काय हात? तुझ्या अव्वाचा हात घिऊन ये, मग पैसे देते!" ती पोरगी हसली, अक्का हसल्या, मीही हसले. आणि हसता हसता थांबले. मोळाचा भाव तोच होता, फक्त हात लहान झाला होता.

सिटी मार्केट

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अण्णांना घेऊन पुन्हा बाजारात गेले. हेब्बाळच्या तळ्याकाठचा आणि सर्जापूरकडून बैलगाड्यांनी आलेला पाला तिथे ओळीनं मांडलेला असतो. प्रत्येक जुडी, म्हणजे तिथलं कट्टु, केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधलेलं. अण्णांच्या नेहमीच्या तीन विक्रेत्यांत एक हेब्बाळची म्हातारी आहे. तिला सगळे अज्जम्मा म्हणतात. मला कन्नडचा गंध नाही. मी अण्णांना म्हटलं, "हिला विचारा, इतकी वर्षं हिचा भाव एकच कसा?"

अण्णांनी विचारलं. अज्जम्मा तोंडभर हसली आणि हातवारे करून लांबलचक काहीतरी सांगू लागली. आधी तिनं मूठ भरून दाखवली, मग चिमूट. अण्णा ऐकत राहिले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"थांबा, स्वल्प चुकलो असेन मी," असं म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, यावेळी जरा वैतागून. मग अण्णांनी माझ्याकडे न बघता एकेक वाक्य मराठीत केलं.

"ती म्हणते, सहा पैसे म्हटलं की गिऱ्हाईक गप घेतं. आठ म्हटलं की भांडतं आणि पुढल्या टोपलीकडं जातं. म्हणून मी भाव तोंडानं वाढवत नाही, हातानं वाढवते. पाला पुष्कळ असला की मूठभर बांधते. नसला की चिमूटभर. आणि गेली दोन-तीन वर्षं पुष्कळ असला तरी मूठ काही भरत नाही. बी महाग, गाडीभाडं महाग. सरी का, म्हणजे बरोबर ना, असं विचारते ती."

म्हणजे गोंगाट होता. भावात नव्हता, जुडीत होता. आणि त्या गोंगाटाखाली आमच्या सरांची मुरलेली महागाईही तिथेच होती, केळीच्या दोरीत आवळलेली. आमच्या मंडईत भाव ओरडतो आणि जुडी तेवढीच राहते. इथे भाव सभ्यपणे उभा राहतो आणि जुडी बारीक होते.

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण समोर अण्णा होते. ते काहीही सांगू शकले असते. 'देवाची कृपा आहे म्हणते' एवढं म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती. त्यांनी स्वतःच्या सगळ्या वर्षांवर पाणी फिरवणारं वाक्य सरळ मराठीत करून माझ्या हातात दिलं. मग बाकीच्या दोघींनाही त्यांनी तेच विचारलं, आणि उत्तर तेच आलं. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "कागदावर जुडीचा भाव मागितला होता. वजनाचा रकाना नव्हता."

दोन दिवस

इथे माझी एक लबाडी कबूल करते. त्या दुपारी ओट्यावर बसून मी अहवालाचा मसुदा लिहिला तो 'भाजीपाला वगळून'. सरांच्या पद्धतीत ते चोख बसत होतं. भाजी वगळायचीच होती, वगळली. पालेभाजीच्या रकान्याकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहिलं नसतं आणि अण्णा डागाशिवाय निवृत्त झाले असते. ज्या घरची कॉफी पीत होते त्या घराशी मी इमान राखलं असतं. मसुदा वाचून पाहिला, सुरेख झाला होता.

पण मला सकाळची एक बाई आठवत राहिली. गिरणीच्या चाळीतली असावी. अज्जम्मापुढे बसून ती एकेक जुडी हातात दाबून बघत होती. दोन घेतल्या, कमरेची पिशवी उघडून पाहिली, आणि एक परत ठेवली. तिच्या नवऱ्याचा भत्ता ज्या तक्त्यावर ठरणार होता त्यात ती परत ठेवलेली जुडी कुठेच नव्हती. सरांची पद्धत महागाईचा कल शोधायला चांगली आहे. त्या बाईच्या घरात मात्र भाजी वगळून स्वयंपाक होत नाही. मी मसुदा फाडला.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं, "अण्णा, मी हे लिहिणार आहे."

"लिवा," ते म्हणाले. "खरं ते लिवा." आणि न जेवता उठून गेले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला राग आला नाही, पण फार वाईट वाटलं. लवादापुढे कुणीतरी उठून म्हणणार, हा माणूस घरी बसून आकडे लिहीत होता. तसं नव्हतं हे मला माहीत होतं, पण माहीत असून त्यांना त्याचा काय उपयोग?

तिसऱ्या दिवशी जेवताना कोंडी फुटली. पानात बस्सारु होतं. पाला आणि डाळ एकत्र उकडायची, वरचं पाणी काढून त्याचं सारु करायचं आणि खाली उरलेल्या पाल्याची परतून भाजी. एका जुडीत दोन पदार्थ. वाढता वाढता अक्का माझ्याकडे बघून, पण अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या.

"तंगी, पूर्वी एका कट्टात हे दोन्ही व्हायचं, पोरी घरात असताना. आता दोघांना तीन कट्टु लागतात. घरखर्चाला पुरत नाही म्हटलं की हे म्हणायचे, भाजीचा भाव सहाच पैसे हाय, माझ्या कागदात बघ!"

अण्णांचा घास हातातच राहिला. "मला सांगितलं का नाहीस तू?"

"सांगत होते की, दर शुक्रवारी. तुम्ही भाव ऐकत होता."

मी मान खाली घालून भात कालवत राहिले. जरा वेळानं बघते तर अण्णा हसत होते. डोळे पुसत होते आणि हसत होते. मग त्यांनी अक्कांना विचारलं, बहुधा इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "मग तू सांग, जुनी जुडी केवढी होती ते आता कसं कळायचं?"

मला तीच काळजी होती. आजची जुडी तोलता येईल, पण पाच वर्षांपूर्वीची कुठून आणायची?

"माझ्या सांगण्यावर कोर्टाचा विश्वास बसत नाही," अक्का म्हणाल्या. "वसतिगृहातल्या भट्टांना विचारा."

भट्टांचं पातेलं

बसवनगुडीत विद्यार्थ्यांचं एक जुनं वसतिगृह आहे. तिथले मुख्य आचारी भट्ट, अक्कांच्या ओळखीचे. घामानं निथळणारे, तिखट जिभेचे गृहस्थ. आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो तेव्हा त्यांनी आधी आम्हाला बसवून केळीच्या पानावर अक्की रोट्टी, म्हणजे तांदळाची भाकरी, खायला घातली, मग काम विचारलं. ऐकून ते मोठ्यानं हसले. थोडंफार मराठी त्यांना येत होतं.

"हे बघा पातेलं," ते म्हणाले. "माझ्या आधीच्या भट्टांपासूनचं. चिरलेला पाला काठापर्यंत भरला की सगळ्या पोरांना पुरतो. पातेलं तेवढंच, पोरं तेवढीच. जुड्या किती लागल्या ते त्या वहीत हाय."

कोठीघराच्या वह्या होत्या. रोज किती पानं उठली आणि किती जुड्या आल्या, एवढंच त्यांत लिहिलेलं. भाव नाही, काही नाही. आमच्या कागदांत भाव होता आणि जुडी नव्हती; यांच्यात जुडी होती आणि भाव नव्हता. दोन्ही शेजारी ठेवले की वर्षावर्षानं जुडी कशी आखडत गेली ते लहान मुलालाही दिसलं असतं. उन्हाळ्यात वाढणाऱ्या जुड्या, पावसाळ्यानंतर कमी होणाऱ्या, आणि तरीही दर वर्षी गेल्या वर्षाहून थोड्या जास्तच. मी त्या धुरकट कोठीघरात चार दिवस बसून वह्या उतरवल्या. माझी इतक्या वर्षांची नोकरी, पण आकड्यांनी डोळ्यांत पाणी आणलं ते तिथेच. धुरामुळे, असं मी भट्टांना सांगितलं.

तेवढ्या दिवसांत अण्णांनी वाण्याकडून एक लहान तराजू मागून आणला होता. सकाळी ते बाजारात जाऊन जुड्या तोलत. मी वह्या संपवून एका सकाळी तिथे गेले, तेव्हा कोट, टोपी आणि तराजू अशा थाटात ते अज्जम्मापुढे बसले होते आणि भोवती बघे जमले होते. म्हातारी काहीतरी म्हणाली आणि सगळा बाजार खिदळला. मी अर्थ विचारला.

"पेन्शनीत पोट भरत नसेल तर माझ्या शेजारी टोपली लावा म्हणते," अण्णा म्हणाले आणि पुढची जुडी पारड्यात ठेवली.

सिटी स्टेशन

सुनावणीचं काय झालं ते आताच सांगून टाकते. लवादानं पालेभाजीचा जुना रकाना बाजूला ठेवला, भट्टांच्या वह्या धरून तो नव्यानं मांडायला सांगितला, आणि भत्त्याचा निर्णय त्यानंतर घ्यायचं ठरवलं. कामगारांच्या हातात अजून काही पडलेलं नाही, पण 'भाजी तेवढ्यालाच मिळते' हे वाक्य आता तिथे कुणाला म्हणता येत नाही. अण्णांना वरून खुलासा मागणारं पत्र आलं आहे. अक्कांनी कळवलं की ते रोज दोन ओळी लिहितात आणि एक खोडतात. खाडाखोड करायला त्यांनी या वयात सुरुवात केली, म्हणून त्या खूश आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी माझा अहवाल वाचायला मागितला. मी दिला. त्यात मी फार जपून लिहिलं होतं. दोष कागदाचा, रकान्याचा, पद्धतीचा. माणसाचा उल्लेख करावा लागला तिथे नुसतं 'भाव टिपणारा'. गंगोजीराव हे नाव मी एकदाही येऊ दिलं नव्हतं. त्यांच्यासाठी माझ्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं.

स्टेशनवर दोघंही आले. अक्कांनी वाटेसाठी डबा दिला आणि मोळभर अबोलीची माळ माझ्या केसांत माळली. "हा माझ्या हाताचा मोळ," असंही बजावलं. गाडी सुटायला थोडा वेळ होता. अण्णांनी कोटाच्या आतून अहवाल काढला आणि खिडकीतून माझ्या हातात ठेवला.

मी चाळला. जिथे जिथे 'भाव टिपणारा' होतं तिथे तिथे त्या मोत्यांसारख्या अक्षरात वर नाव लिहिलेलं होतं. शेवटी एक पान जास्तीचं जोडलं होतं. रोज तोललेल्या जुड्यांची वजनं, आणि त्याखाली चार ओळी: आजवरचे सर्व भाव मी स्वतः बाजारात जाऊन, पैसे देऊन घेतले. जुडी लहान होत असल्याचं घरातून सांगितलं जात असूनही मी ते लक्षात घेतलं नाही.

"अण्णा, हे कशाला?" मी म्हणाले. "मी मुद्दाम नाव गाळलं होतं."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "इतकी वर्षं भाव माझ्या सहीनं गेले, मालतीबाई. चूक तेवढी बिनसहीची कशी पाठवू?"

गाडी हलली. मी ते शेवटचं पान पुन्हा पाहिलं. खाली सही होती, आणि सहीच्या शेजारी, जरा वाकड्या, सवय नसलेल्या हातानं लिहिलेलं दुसरं एक नाव. साक्षीदार म्हणून अक्कांनी सही केली होती.